सटवाजीचा डावा डोळा

सावरखडकच्या गायरानातले सात फोटो माझ्याकडे आहेत. सगळे काळे-पांढरे, सगळे एकाच जागेवरून काढलेले, १९७१ पासून १९७७ पर्यंत दर संक्रांतीच्या आठवड्यातले. कधी एखादा शिकलासवरलेला माणूस घरी येतो, ते ओळीनं मांडतो आणि म्हणतो, "वा, दिनकरराव, एकाच मातीची सात वर्षं!" त्याला चहा पाजून मी वाटेला लावतो. त्या फोटोंतली माती खरी आहे, ज्वारी खरी आहे. माणसं मी खोटी केली होती.

सेलूला स्टेशनच्या रस्त्यावर माझा स्टुडिओ होता. माझे उस्ताद निजामाच्या अमदानीत हैदराबादेत शिकलेले. त्यांनी मला लाकडी कॅमेरा दिला, काचेच्या प्लेटा हाताळायला शिकवलं आणि टचिंग शिकवलं. टचिंग म्हणजे निगेटिव्हच्या काचेवर अणकुचीदार पेन्सिल फिरवायची. पेन्सिल लागते तिथं फोटोत चामडी उजळते. देवीचे व्रण जातात, सूज उतरते, काळंनिळं गोरं होतं. जिथं काळं हवं तिथं चाकूच्या टोकानं काच खरवडायची. परभणी-जिंतूरहून लोक चेहरा 'करून' घ्यायला माझ्याकडे यायचे. मला त्याचा गर्व होता, तो आता लपवून काय करू?

सावरखडक हे येलदरीच्या खाली, पूर्णेच्या काठचं गाव. बसमधून उतरून कोसभर चालावं लागे. तिथल्या पौषातल्या जत्रेत मी पडदा लावून बसायचो. १९७१ साली पडद्यासमोर एक उंच, काटक माणूस येऊन उभा राहिला. बौद्धवाड्यातला सटवाजी. त्याच्या मागं त्याची बायको कडूबाई.

"पडद्यापुढं न्हाई," तो म्हणाला. "माज्या रानात चला."

त्याचं रान म्हणजे गायरानातला चार एकरांचा तुकडा. दगड फोडून, कुंदा खणून दोघांनी तो ज्वारीखाली आणला होता. मी फोटो काढला, सेलूला आलो, आणि उस्तादांनी शिकवल्याप्रमाणे मागची ज्वारी, बाभळ, बांध सगळं रंगानं झाकून नवराबायको तेवढे ठेवले. मागं पांढरंशुभ्र. आठवड्यानं फोटो त्याच्या हातात दिला तर त्यानं तो उलटा करून पाहिला, जणू शेत मागच्या बाजूला असावं.

"फोटो काढा म्हणलो हुतो," तो म्हणाला. "रान काढा न्हाई म्हणलो."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वस्तीतल्या माणसानं मला धंदा शिकवावा, असं मनात आलं. आलं ते आलं, सांगतो. पण त्यानं पुढं जे सांगितलं ते मी ऐकून घेतलं.

"आबासाहेब म्हणतो, ह्ये पडीक हाय, माजी ढोरं हितं चरणार. तलाठी माजं नाव पिकाच्या कागदावर लावत न्हाई. तुमचा कॅमेरा तरी लावंल का न्हाई? दर साली येऊन काढा. उद्या सरकारनं इचारलं तर दावीन, बगा सायेब, मी कसायलोय."

आबासाहेब म्हणजे गावचा पाटील. नदीकाठची काळी जमीन त्याची, गायरानावर डोळाही त्याचाच. त्याचा माणूस लिंबाजी, जुना पैलवान, हातात कायम कुऱ्हाड. मी दुसऱ्या दिवशी जाऊन रानासकट नवा फोटो काढला. काही दया वगैरे नाही. त्या माणसाची ऐट मला आवडली होती.

तेव्हापासून दर साल. बांधावरच्या एका खडकावर तिपाई ठेवायची, डाव्या बाजूला सटवाजी, उजव्या बाजूला कडूबाई, मागं ज्वारी.

दुसऱ्या साली ज्वारी त्याच्या खांद्याला लागली होती आणि ओठ फाटलेला होता. लिंबाजीनं विहिरीवर गाठून चप्पल मारली होती. तिसऱ्या साली, दुष्काळात, रानात काडी नव्हती. "उगवलं न्हाई तरी मी उगवलोय, काढा," सटवाजी म्हणाला आणि कोरड्या ढेकळांत ताठ उभा राहिला. त्याचा एक कान फाटून लोंबत होता. आबासाहेबाची जनावरं त्या उघड्या रानात घातली, हा आडवा गेला, तेव्हा लिंबाजीनं कान धरून त्याला बांधापर्यंत फरफटत नेलं होतं. चौथ्या साली कडूबाईची भुवई उकललेली होती. विळ्याची मूठ लागली होती, म्हणजे लिंबाजीनं मारली होती. पाचव्या साली सटवाजीच्या डोक्याला सात टाके. मीच म्हणालो, "पटका बांधा, पट्टी झाकली जाईल." त्यानं बांधला. त्या साली मी त्यांच्या घरी पहिल्यांदा पाणी प्यालो. पाचव्या साली! हेही सांगून टाकतो.

सहाव्या साली त्याचा डावा डोळा अंड्याएवढा सुजून मिटला होता. पापणी काळी ठिक्कर. लिंबाजीनं कुऱ्हाडीचा दांडा घातला होता. आबासाहेब बांधावर उभा राहून "हळू मार, डोळा फुटंल" म्हणत होता म्हणे. आणि सातव्या साली सटवाजी ओठ मिटून उभा राहिला, कारण पुढचे दोन दात नव्हते.

आणि मी काय करत होतो? दर साली ती काच सेलूला आणून मेजावर ठेवत होतो आणि पेन्सिल फिरवत होतो. ओठ सांधला, कानाची लोंबणारी पाळी बेमालूम मिटवली, कडूबाईची भुवई जोडली. सहाव्या सालच्या डोळ्यावर तर दोन दिवस घालवले. सूज उतरवली आणि मिटलेल्या पापणीत चाकूच्या टोकानं बुबुळ काढलं. लोकांनी बघत राहावं असं काम होतं. मला वाटायचं, मी त्यांच्यावर उपकार करतोय. मार खाल्लेलं तोंड घरात टांगायला कोणाला आवडेल?

सटवाजी फोटो बघून हसायचा. "कडे, ह्यो नवरा बरा हाय बग." त्याला रान दिसलं की पुरे. कडूबाई हसायची नाही. ती फोटोतल्या तोंडावरून बोट फिरवत राहायची, काहीतरी सांडलंय आणि सापडत नाही तशी.

१९७७ च्या सुगीत त्यांनी सटवाजीला मारून टाकलं.

कडूबाईनं मला सगळं सांगितलं आहे, आणि मी ते तिच्याच शब्दांच्या मागं मागं सांगतो. दुपार होती. अर्धं रान मोकळं झालं होतं. ती वीस पावलांवर पेंढ्या बांधत होती. आबासाहेब बांधावर आला आणि म्हणाला, "सटवाजी, आता बास झालं." सटवाजी म्हणाला, "येवडी ज्वारीची वळ काढून मग बोलू." लिंबाजीनं मागून येऊन कुऱ्हाडीची बोथट बाजू त्याच्या गुडघ्यावर घातली. तो बसला. दुसरा घाव खांद्यावर. तो तरी ज्वारीची धाटं धरून उठायला बघत होता, धाटं मुळासकट हातात आली. कडूबाई धावत येऊन त्याच्या अंगावर पडली. लिंबाजीनं तिला केसांना धरून बाजूला फेकलं आणि छातीत लाथ घातली. तिच्या दोन बरगड्या मोडल्या. तिसरा घाव डोक्यावर. "नारळ फोडताना हुतो तसा आवाज झाला," ती म्हणाली. मग दोघांनी पाय धरून त्याला पाखरं राखायच्या माळ्याखाली ओढत नेलं आणि डोकं एका धोंड्यावर टेकवलं. जाताना आबासाहेबानं धोतराचा सोगा झटकला, कुसळं लागली होती म्हणून.

माळ्यावरून पडून मेला, अशी खबर गावातून गेली. धोंड्यावर आपटूनही डोकं असं फुटू शकतं, असं डॉक्टरनं लिहिलं. बघणारी एकटी कडूबाई, ती मयताची बायको. तरी तिनं पिच्छा सोडला नाही आणि परभणीच्या कोर्टात आबासाहेब आणि लिंबाजीवर खटला उभा राहिला. आरोपींचं म्हणणं सरळ होतं: आमचं सटवाजीशी कधी वाकडं नव्हतं, आम्ही त्याला कधी बोटही लावलं नाही.

तारखेच्या आधी आबासाहेब जामिनावर सुटून माझ्या दुकानात आला. खुर्चीत बसला, चहा मागवला.

"दिनकरराव, तुमी खोटं बोला म्हणायला आलो न्हाई. खरंच बोला. ते सात फोटो कोर्टात मांडा. सात साल आमी मारलं म्हणती ती बाई. कुटं वरखडा दिसतो का, जजसायबाला बगू द्या की."

 त्याला फोटो ठाऊक होते. माझ्या हातचं काम त्याच्या बाजूचा साक्षीदार झालं होतं. मी म्हणालो, "आबासाहेब, फोटोवर टचिंग केलेलं आहे."

"ते तुमाला ठावं, मला ठावं," तो म्हणाला. त्यानं माझा उजवा हात प्रेमानं हातात घेतला, मधलं बोट मेजाच्या कडेवर ठेवलं आणि तळव्याचा भार दिला. कट् असा आवाज झाला. मी ओरडलो. त्यानं उरलेला चहा बशीत ओतून शांतपणे पिऊन टाकला. "बारीक काम करणारा हात हाय. जपा," म्हणाला आणि गेला.

दोन दिवसांनी कडूबाई आली. तिला फोटो कोर्टासाठी नको होते, तहसिलीसाठी हवे होते. आधीपासून गायरान कसणाऱ्यांच्या नावावर ते करायचं, असा सरकारी हुकूम निघाला होता. सटवाजी सात वर्षं ज्या दिवसाची वाट बघत होता तो आला होता. ती मोठ्या उमेदीनं माझ्यासमोर बसली आणि मला, बोटाला खपची बांधलेल्या माणसाला, तिला सगळं सांगावं लागलं.

"बाई, दोन वाटा आहेत. मी गप्प बसलो तर फोटो खरे राहतील आणि रान कदाचित तुमचं होईल. पण मग कोर्ट म्हणेल, याला कधी कोणी मारलंच नाही, आणि ते दोघं सुटतील. मी जर म्हणालो की जखमा मीच मिटवल्या, तर मार सिद्ध होईल. पण मग तहसीलवाले म्हणतील, जो तोंड बदलतो तो ज्वारीही उगवून दाखवेल."

तिनं समोरच्या फोटोवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पुसल्यावर निगतं का ते?"

मी कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि चौथ्या सालची काच घेतली, तिच्या भुवईची. चार हात फिरवले. पेन्सिल गेली. त्या काचेवरून तिथल्या तिथं फोटो छापून तिच्या हातात दिला. फाटलेली भुवई, गालावर वाळलेलं रक्त.

तिनं आपल्या भुवईला हात लावला, मग फोटोला. तिचा आवाज फुटला. "दर साली तुमचा फोटो बगायचे आन् वाटायचं, मला लागलंच न्हवतं का? मीच येडी झाले का? ह्ये हितं खाली हुतं, भाऊ?"

मी मान खाली घातली. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"रान त्येनं तोंडावर मार खाऊन राखलं," ती डोळे पुसून म्हणाली. "ते तोंड दडवून रान कसं मागू? पुसा सगळं."

एक सोडून सगळ्या काचा मी पुसल्या. सहाव्या सालची, डोळ्याची, सरकारी वकिलानं राखून ठेवायला सांगितली. तो म्हणाला, आरोपीचा वकील ओरडणार की आता जखमा काढून आणल्या. तेव्हा एक तरी कोर्टासमोर पुसू.

तसंच झालं. जजसाहेबांनी परवानगी दिली. मी खिडकीजवळच्या मेजावर काच ठेवली आणि पुसायला लागलो. बोट वाकडं जुळलेलं होतं. आरोपींच्या पिंजऱ्यात आबासाहेब छताकडे बघत उभा होता, लिंबाजी माझ्याकडे. डोळ्यावरची पेन्सिल गेली, चाकूनं खरवडलेलं बुबुळ तेवढं राहिलं, आणि खाली सूज उघडी पडली. मी काच तशीच उचलून उजेडापुढं धरली.

जजसाहेब चष्मा सावरून जवळ आले. "हा जो सुजलेला दिसतो, तो उजवा डोळा?"

इथं मी गाढवपणा केला. टचिंग काचेच्या मसाल्याच्या, म्हणजे चित्र उठतं त्या बाजूला असतं. पुसताना ती बाजू आपल्याकडे असते आणि त्या बाजूनं बघितलं की चित्र उलटं दिसतं, डाव्याचं उजवं. पहिल्या महिन्यात शिकलेली गोष्ट. पण माझी घाबरगुंडी उडाली होती. जे दिसत होतं ते बघून मी म्हणालो, "होय साहेब, उजवा."

"झूट!" लिंबाजी कठड्यावर मूठ आपटून ओरडला. त्याचा चेहरा फुलला होता. मला पकडल्याचा आनंद होता त्याला. "झूट बोलायलाय सायेब ह्यो! उजव्याला काईच झालं न्हवतं. डावा डोळा हुता, डावा!"

आबासाहेबानं डोळे मिटून घेतले.  मग जजसाहेबांनी लेखनिकाला सांगितलं, "आरोपी काय म्हणाला ते शब्दशः उतरवून घ्या." लिंबाजी तेव्हाही आजूबाजूला बघत होता, आपण कुठं चुकलो ते त्याला कळलं नव्हतं.

लिंबाजीला जन्मठेप झाली. आबासाहेब तिथं होता असं कडूबाईशिवाय कोणी सांगितलं नव्हतं, संशयाचा फायदा मिळून तो सुटला. बाहेर पडताना त्यानं मला नमस्कार केला.

रानाचा निकाल त्यानंतर वर्षानं, १९७९ च्या उन्हाळ्यात लागला. तहसिलीत मी सातही फोटो घेऊन कडूबाईबरोबर गेलो होतो. साहेबांनी ते पाहिलेही नाहीत. त्यांच्यापुढं कोर्टातल्या माझ्या जबाबाची नक्कल होती. कोणी पोचवली ते सांगायला नको. त्यांनी वाचून दाखवलं: "फोटोत नसलेले दाखवणे व असलेले मिटवणे हे काम मी नेहमी करतो."

मी भडकलो. "साहेब, ज्वारी पेन्सिलीनं पिकत नाही!"

"मिटलेल्या डोळ्यात बुबुळ मात्र आलं होतं ना?" ते म्हणाले आणि अर्ज फेटाळल्याच्या कागदावर सही केली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि हीच गोष्ट मला आजही जाळते.

त्या चार एकरांत आबासाहेबाची जनावरं आम्ही तहसिलीत पोचायच्या आधीच शिरली होती, हे नंतर कळलं. कचेरीबाहेर लिंबाखाली कडूबाई थांबली. मला वाटलं शिवी देईल. मी वाटच बघत होतो, शिवीनं बरं वाटलं असतं.

"तुमी दर साली जसं हुतं तसं ठिवलं असतं," ती म्हणाली, "तर मला दोनी मिळालं असतं."

एवढंच. आवाजात राग नव्हता. तिनं पिशवी उचलली आणि बरगड्यांवर हात धरून बसकडे गेली. मी तिच्या मागं दोन पावलं गेलो आणि थांबलो.

त्यानंतर मी पेन्सिल मोडून टाकली असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. मी सेलूला आलो आणि दुकान उघडलं. एक बाप मुलीला घेऊन बाकावर बसला होता, स्थळाकडे पाठवायला फोटो हवा होता. मुलीच्या गालावर चार बोटं उमटली होती, ताजी.

"ह्ये फोटोत दिसणार न्हाई न्हवं?" बापानं विचारलं.

मुलगी माझ्याकडे बघत होती. "नाही दिसणार," मी म्हणालो, आणि तिला पडद्यासमोर बसवलं.